गोल झाल्यावर बाकाकडे बघ

आइस हॉकी नव्यानं बघायला लागलायस ना? मग गोल झाल्यावर लगेच रिप्ले शोधू नकोस, संघाचे बाकीचे खेळाडू बसतात त्या बाकाकडे बघ. गोल करणारा आणि त्याच्यामागून बर्फावरचे सोबती बाकासमोरून सरकत जातात, बसलेल्या प्रत्येकाच्या हातमोज्याला मूठ टेकवतात. पास देणाऱ्याचा मानही तिथंच होतो. मला हा सोहळा सगळ्यात प्रिय आहे.

एकाच खेळाडूनं तिसरा गोल केला की प्रेक्षक टोप्या बर्फावर फेकतात. खेळ थांबतो, टोप्या गोळा होतात, पण त्यासाठी दंड नाही. डेट्रॉइटमध्ये तर 1952 पासून ऑक्टोपस फेकतात! तेव्हा स्टॅन्ली कप, म्हणजे विजेतेपदाचा चषक, जिंकायला 8 विजय लागत, म्हणून 8 पाय.

मिरवणं सगळ्यांना रुचत नाही, हेही लक्षात ठेव. 2009 मध्ये वॉशिंग्टनच्या ओव्हेच्किननं मोसमातला 50वा गोल केल्यावर काठी तापल्याचा अभिनय केला, त्यावर बरीच टीका झाली. मला मात्र त्यात काहीच गैर वाटलं नाही. आनंद दिसायलाच हवा.

पुण्यात एनएचएलचे, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मुख्य आइस हॉकी लीगचे, बरेच सामने पहाटे साडेचार-साडेपाचला सुरू होतात. शेजारी झोपलेले असतात, तेव्हा ओरडण्याऐवजी मुठी टेकवा. एकट्यानं बघू नकोस, दोघं-तिघं जमा. सामना संपला की कॅफे गुडलकला बनमस्का खायला या, मीही येईन.