जहाजाची वेळ सांभाळा, वहिनी

वहिनी, बेळगावातून पहिल्यांदाच क्रूझला निघालाय, म्हणून सांगते. जहाज सुटायची वेळ ही तुमची वेळ नव्हे. वाटेतल्या बंदरात फिरायला उतरलात, तर परत चढायची वेळ त्याच्या बहुधा अर्धा ते एक तास आधीची असते. उतरताना दाराशी या वेळेचा फलक असतो, त्याचा फोटो काढूनच पाऊल बाहेर टाका. आणि परदेशी बंदरात मोबाइलचं घड्याळ आपोआप बदलतं, तेव्हा मनगटावर जहाजाचीच वेळ ठेवा. खानापूरच्या बससारखं हात केला म्हणून कॅप्टन थांबत नाही. जहाजानेच नेलेल्या सहलीला उशीर झाला तर सहसा थांबतात, पण स्वतः टॅक्सी केली तर नाही. दादा बाजारात रमतात, त्याचीच मला काळजी वाटते. औषधं, कार्ड, पासपोर्टची झेरॉक्स आणि पोर्ट एजंटचा, म्हणजे त्या बंदरातल्या जहाज कंपनीच्या माणसाचा, नंबर पर्समध्येच हवा. राहिलातच तर आधी त्या एजंटला गाठा. पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च मात्र सहसा आपल्यालाच करावा लागतो.