रोबो घरचा की धंद्याचा?

पुण्याच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. नाव गाळून त्यातला मजकूर असा:

"आम्ही दोघं बँकेतून निवृत्त. राहतो कोथरूडला. अलिबागजवळ नागावला वाडीत आमचं छोटं घर आहे, तिथे आठ बाय चार मीटरचा स्विमिंग पूल, तो केअरटेकर पाहतो. गेल्या ऑक्टोबरमध्ये ऑनलाइन बाजारपेठेतून पूल साफ करणारा कॉर्डलेस रोबो घेतला, 72,000 रुपयांना. माझ्या नावाने, माझ्या कार्डावर. जाहिरातीत होतं: एका चार्जिंगमध्ये तीन तास चालतो, भिंती चढतो. फेब्रुवारीपासून जेमतेम पन्नास मिनिटं चालतो आणि तळाशी जाऊन बसतो. भिंत तर पहिल्या दिवसापासून चढला नाही. दिल्लीचा विक्रेता म्हणतो, तुम्ही घर भाड्याने देता, हा व्यावसायिक वापर आहे, वॉरंटी लागू नाही. बाजारपेठवाले म्हणतात, दहा दिवसांची परतीची मुदत संपली. खरं सांगते, वर्षातून काही शनिवार-रविवार घर पाहुण्यांना देतो. पूल हिरवा झाल्यामुळे दोन बुकिंगं रद्द करावी लागली, 24,000 रुपये बुडाले. तेही वसूल होतील का? आणि दुसरा रोबो घ्यायचा झाला तर हे म्हणतात, आपल्या कन्सल्टन्सी फर्मच्या नावावर घे, जीएसटी परत मिळेल. काय करू?"

ताई, बुडालेल्या भाड्यापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात मोठा खड्डा तिथे आहे. ते 24,000 रुपये विसरा.

तुमचं नुकसान खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण ग्राहक आयोगापुढे तुम्ही उभ्या राहणार त्या "ग्राहक" म्हणून, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 2(7) प्रमाणे व्यावसायिक हेतूने वस्तू घेणारा माणूस ग्राहक ठरत नाही. तक्रारीच्या पहिल्या पानावर "यंत्र घरच्या वापरासाठी घेतलं" आणि चौथ्या पानावर "यंत्र बिघडल्याने भाडं बुडालं" असं लिहिलंत, तर समोरच्या वकिलाला काही करायचंच उरत नाही. तो तुमचंच चौथं पान वाचून दाखवेल. विक्रेत्याला भाड्याचा वास कुठून लागला, हेही एकदा तपासा. माझा अंदाज असा की रागाच्या भरात तुम्हीच त्याला ईमेलमध्ये बुकिंगचं लिहिलं असणार. बहुतेक जण लिहितात.

पण म्हणून भाड्याची गोष्ट लपवायची का? मुळीच नाही. तुमच्या घराची जाहिरात इंटरनेटवर आहे, ती कुणालाही सापडेल. प्रतिज्ञापत्रावर लपवलंत आणि नंतर उघड झालं, तर बॅटरीबद्दल तुम्ही जे खरं सांगताय त्यावरही आयोग विश्वास ठेवणार नाही. उलट आपणच आधी सांगायचं: घर आमचं, पूल आमचा, मुलं-नातवंडं येतात, वर्षातले इतके दिवस आम्ही वापरतो आणि इतके दिवस पाहुण्यांना देतो. तारखांसकट. घराचं वीजबिल घरगुती दराचं असेल तर ते जोडा. मात्र पर्यटन विभागाच्या "न्याहारी व निवास" योजनेत घराची नोंदणी केली असेल, तर तो कागद तुमच्या विरुद्ध जाणार, हे मला आधी कळवा.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण विक्रेता समजतो तितका तो त्याच्या बाजूने नाही. मुंबईच्या लीलावती हॉस्पिटलच्या ट्रस्टने परिचारिकांच्या राहण्यासाठी फ्लॅट घेतले होते. बांधकाम खराब निघालं, तेव्हा बिल्डरने हाच मुद्दा काढला: हॉस्पिटल हा व्यवसाय, म्हणून तुम्ही ग्राहक नाही. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. खरेदीमागचा मुख्य हेतू काय, आणि त्या वस्तूचा नफा कमावण्याशी थेट, जवळचा संबंध आहे का, हे पाहायचं, असं न्यायालयाने सांगितलं. पुढे 2024 मध्ये, चिट फंडाच्या एका प्रकरणात, त्याच न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: हेतू व्यावसायिक होता हे सिद्ध करायची जबाबदारी ते म्हणणाऱ्यावर आहे. म्हणजे दिल्लीवाल्याला नुसतं "तुम्ही भाड्याने देता" एवढं म्हणून चालणार नाही, पुरावा द्यावा लागेल.

कायद्यात एक सवलतही आहे: स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू व्यावसायिक धरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच स्वतः चालवण्यासाठी रिक्षा घेणाऱ्याचं उदाहरण देऊन ती समजावली होती. पण ती तुमच्या कामाची नाही. तुम्हा दोघांना पेन्शन आहे, आणि पूल तुम्ही नाही, केअरटेकर साफ करतो. "आमचं पोट यावर आहे" हे वाक्य तक्रारीत घालू नका. एखादा उत्साही वकील घालेल, त्याला थांबवा. तुमचा मुद्दा मुख्य हेतूचा आहे. तोही शंभर टक्के सुरक्षित नाही. वर्षात वीस-पंचवीस दिवस भाडं असेल तर मी निर्धास्तपणे तक्रार लावेन. जवळजवळ प्रत्येक शनिवार-रविवार भरलेला असेल तर मीही दोनदा विचार करेन. पत्रात तुम्ही "काही" लिहिलंय. "काही" म्हणजे नक्की किती, ते कॅलेंडर काढून मोजा.

आणि आयोगाने "ग्राहक नाही" म्हटलं तरी हक्क संपत नाही. 1930 च्या वस्तुविक्री कायद्यात, वर्णन देऊन विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळली पाहिजे आणि विकण्यायोग्य दर्जाची असली पाहिजे, ही अट प्रत्येक विक्रीत गृहीत असते, घेणारा व्यापारी असला तरी. तो दावा दिवाणी न्यायालयात लावता येतो आणि आयोगात गेलेला वेळ मुदतीतून वजा करून मागता येतो. पण 72,000 रुपयांसाठी दिवाणी दावा म्हणजे रोबो गंजून जाईपर्यंत तारखा. तो रस्ता आहे एवढं लक्षात ठेवा, त्यावर चालायची हौस नको.

बाजारपेठेच्या दहा दिवसांबद्दल एवढंच: परतीची मुदत आणि वॉरंटी या वेगळ्या गोष्टी. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे सदोष वस्तू, किंवा जाहिरातीत सांगितलेले गुण नसलेली वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. बाजारपेठेच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. त्या अधिकाऱ्याला लेखी लिहा आणि विक्रेत्याचा पूर्ण पत्ताही मागा. खोकं ठेवलंय ना? यंत्र परदेशी असेल तर त्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता असणं बंधनकारक आहे. असेल तर त्यालाही पक्षकार करायचं. नसेल तर खोक्याच्या सहाही बाजूंचे फोटो काढा, तो वेगळाच मुद्दा आपल्या हातात आला.

तुमच्या तक्रारी खरं तर दोन आहेत, त्या एकात मिसळू नका. बॅटरी हा दोष. भिंत न चढणं ही जाहिरातीशी विसंगती. दुसरीत जरा जपून: पूलला काचेच्या बारीक टाइल आहेत का? अनेक यंत्रांच्या पुस्तिकेत, गुळगुळीत पृष्ठभागावर पकड कमी होते, असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. ते जाहिरातीच्या पानावर नव्हतं आणि फक्त पुस्तिकेत होतं, तर मुद्दा तुमचा. पण जाहिरातीचं पान आजच साठवून घ्या. ही पानं रातोरात बदलतात, एका अशिलाच्या प्रकरणात नोटीस पोचली त्याच आठवड्यात "भिंती" हा शब्द गायब झाला होता.

बॅटरीबाबत विक्रेता काय म्हणेल तेही सांगतो. पहिलं, बॅटरी झिजतेच. ठीक, पण तीन तासांची चार महिन्यांत पन्नास मिनिटं, याला झीज म्हणत नाहीत. दुसरं, तुम्ही ती रिकामी ठेवून दिलीत. लिथियमची बॅटरी पार उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडून राहिली तर खरंच खराब होते. म्हणून दोन पाहुण्यांच्या मधल्या काळात यंत्र कुठे, कसं ठेवलं जायचं, हे केअरटेकरला विचारा. तिसरं, क्लोरीन. पावडर ओतल्यावर लगेच रोबो पाण्यात सोडत असेल तर पुस्तिकेतली मर्यादा ओलांडली गेली असण्याची शक्यता आहे. केअरटेकरला दमात घेऊ नका, नाहीतर तुम्हाला जे ऐकायचंय तेच तो सांगेल. आणि उद्या साक्षीला तोच लागणार आहे.

पुरावा सोपा ठेवा. यंत्र पूर्ण चार्ज करा, दिवा हिरवा झालेला दाखवा, पाण्यात सोडा आणि थांबेपर्यंत न तोडता चित्रण करा. शेजारी घड्याळ आणि त्या दिवसाचं वर्तमानपत्र. पाण्याचा पीएच आणि क्लोरीन मोजून तेही त्याच चित्रणात घ्या. असं तीन वेगवेगळ्या दिवशी. मूळ फाइल मोबाइलमध्येच राहू द्या, कारण 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, डिजिटल पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र सोबत द्यावं लागेल. आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, पण पूलच्या रोबोची तपासणी करणारी प्रयोगशाळा शोधण्यात जो वेळ जाईल त्यापेक्षा एखाद्या पूल दुरुस्तीवाल्या अभियंत्याचा लेखी अहवाल बरा.

तक्रार पुण्यालाच लावा, अलिबाग किंवा दिल्लीला जायची गरज नाही. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, बिलावर "न्यायक्षेत्र फक्त दिल्ली" छापलं असलं तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. वकील लावायची सक्ती नाही (मी स्वतः वकील असून हे सांगतोय). मागणी आटोपशीर ठेवा: 72,000 परत, त्यावर व्याज, त्रासापोटी पंधरा-वीस हजार आणि खर्च. पाच लाखांची मनस्ताप भरपाई मागणारी तक्रार वाचताना सदस्यांच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते मी अनेकदा पाहिलंय. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा आणि पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने धाडा. कधीकधी तेवढ्यानेच काम होतं.

आता दुसरा रोबो. यजमानांना सांगा, फर्मच्या नावावर नको. जीएसटीची वजावट मिळते ती व्यवसायासाठी घेतलेल्या वस्तूवर. ती घेणं म्हणजे सरकारला लेखी सांगणं की हे यंत्र धंद्याचं. मग बिघडल्यावर ग्राहक आयोगात कुठल्या तोंडाने जायचं? आणि कन्सल्टन्सीला नागावचा पूल कशाला लागतो, हा प्रश्न जीएसटी अधिकाऱ्याने विचारला तर त्याचं उत्तर माझ्याकडेही नाही.

यंत्र कोणतं घ्यावं हे माझं क्षेत्र नाही, पण अशा तक्रारी हाताळून थोडं कळतं. तुमचा पूल बत्तीस चौरस मीटरचा. त्याला मोठ्या क्षमतेचं यंत्र नको. मधल्या किमतीच्या यंत्रात जादा पैसे बहुतेक भिंत आणि पाण्याच्या रेषेपर्यंत चढण्यासाठी जातात. टाइलवर ते चढणारच नसेल तर फक्त तळ साफ करणारं घेऊन भिंती केअरटेकरने ब्रशने घासलेल्या बऱ्या. तुमच्याकडे सुरूची पानं आणि लाल मातीची धूळ, म्हणून बारीक जाळीचा फिल्टर सुटा मिळतो का विचारा. बॅटरीची वॉरंटी किती महिन्यांची ते वेगळं लिहून घ्या, आणि बॅटरी बदलून द्यायला पुण्या-मुंबईत कोण आहे तेही. सगळ्यात महत्त्वाचं, पैसे भरण्याआधी विक्रेत्याला एक ओळीचा ईमेल करा: "घर अधूनमधून पाहुण्यांना देतो, वॉरंटी लागू राहील ना?" "हो" आलं तर तो ईमेल सोन्याच्या भावाचा. "नाही" आलं, किंवा काहीच आलं नाही, तर 72,000 वाचले.

आणि जुना रोबो "तपासायला पाठवा" असा फोन आला, तर जॉबशीट (यंत्र ताब्यात घेतल्याची लेखी नोंद) हातात आल्याशिवाय तो घरातून हलवू नका. गावातल्या इलेक्ट्रिशियनला तर त्याचं झाकणही उघडू देऊ नका.