मोठ्या जनावरासाठी कोणती रायफल? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : मी कोलोराडोत राहतो. यंदा पहिल्यांदाच एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचा परवाना मिळाला आहे. दुकानदार .३०० विंचेस्टर मॅग्नम घ्या म्हणतो, मित्र म्हणतो .३०८ पुरे. कोणाचं ऐकू?

मित्राचं. एल्कचा नर तीनशे किलोच्या घरात जातो, आपल्याकडच्या थोराड सांबराएवढा. असं धूड डोळ्यांसमोर आलं की मोठ्या काडतुसाकडे मन ओढ घेतं. पण या दोन्ही काडतुसांतली गोळी एकाच जाडीची असते, ०.३०८ इंच. फरक आहे तो मागे भरलेल्या दारूचा. मॅग्नममध्ये दारू जास्त, म्हणून वेग जास्त, आणि खांद्याला बसणारा धक्काही साधारण दीडपट.

हा धक्काच नवख्याचा घात करतो. चार-पाच गोळ्या झाडल्या की अंगाला तो कळतो, मग चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात, खांदा पुढे येतो आणि छातीवर धरलेली गोळी पोटात जाते. पोटात लागलेला एल्क जागेवर पडत नाही. तो मैलोन्‌मैल जातो आणि तासन्‌तास तडफडून मरतो, बहुतेकदा कुणाच्या हाती न लागता. बंदूक हातात घेणाऱ्यानं सगळ्यात जास्त भ्यावं ते याला.

कोलोराडोच्या नियमानुसार एल्कसाठी किमान .२४ इंच व्यासाची नळी, ८५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) फुलणारी, म्हणजे लागताच पुढून पसरणारी गोळी आणि १०० यार्डांवर १००० फूट-पौंड (गोळीच्या जोराचं माप) ऊर्जा लागते. .३०८ मधली १६५ ग्रेनची गोळी यात आरामात बसते. उरलेले पैसे काडतुसांवर आणि सरावावर घाला. साधी नऊ इंची कागदी थाळी लावा. टेबलावर रायफल टेकवून नव्हे, तर बसून किंवा गुडघ्यावर नेम धरा. ज्या अंतरावरून पाचपैकी पाच गोळ्या थाळीत बसतात, तीच तुमची हद्द. ती १५० यार्ड निघाली तर १५० यार्डच. दोनशेवर उभा असलेला नर जाऊ द्या, किंवा वारा बघून जवळ सरका. जनावर आडवं उभं असेल तर पुढच्या फऱ्याच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात नेम धरा.

प्रश्न : मी एच-वन-बी व्हिसावर आहे. मला रायफल बाळगता येते का?

एरवी नाही. अमेरिकेच्या संघीय कायद्यानं अशा व्हिसाधारकांना बंदूक आणि काडतुसं दोन्हींची मनाई आहे. मात्र कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना हाती असेल तर सूट मिळते. राज्याचे नियम वेगळे असू शकतात, म्हणून आधी परवाना, मग वकिलाचा सल्ला, आणि मगच दुकान. परवान्याची मुदत संपू देऊ नका.

प्रश्न : दक्षिण टेक्सासमध्ये नीलगायीच्या शिकारीला बोलावणं आहे. माझ्याकडे ६.५ क्रीडमूर काडतुसाची रायफल आहे. चालेल?

विदर्भात ज्याला आपण रोही म्हणतो, तेच हे जनावर. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात ते तिथल्या किंग रँच या मोठ्या पशुपालन केंद्रावर सोडलं गेलं आणि आता तिथल्या झुडपी रानात हजारोंनी आहे. टेक्सासमध्ये ते परदेशी जनावर गणलं जातं, त्यामुळे शिकारीला ठरावीक हंगाम नाही. इकडे भारतात मात्र १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. पिकाची नासाडी करणारा रोही असला, तरी वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय गोळी झाडता येत नाही.

क्रीडमूर २००७ साली मुळात निशाणेबाजीसाठी आलं. धक्का हलका, नेमाला उत्तम, आणि हरणासाठी ते मी डोळे झाकून सुचवेन. पण रोह्याचा नर चिवट असतो. कातडी जाड, हाडं दणकट, आणि भोक लगेच मिटत असल्यामुळे रक्त फारसं सांडत नाही. काटेरी झुडपांत माग काढायलाच काही उरत नाही. तिथे गोळी फरा फोडून पलीकडे निघायला हवी. त्यासाठी .३०-०६ आणि १८० ग्रेनची, न फुटता फुलणारी मजबूत गोळी घ्या, म्हणजे कवच शिशाला जखडलेलं किंवा अख्खी तांब्याची. गोळीच्या बांधणीवर इथे नळीच्या आकड्याइतकंच अवलंबून आहे. यजमानाकडे अशी रायफल असेल तर मागून घ्या, पण आदल्या दिवशी तिच्यावर हात बसवा. रोह्याचं काळीज खाली आणि पुढे असतं, तेव्हा नेम थेट फऱ्यावर धरा.

प्रश्न : जुन्या काळचे हस्तिदंताचे शिकारी वॉल्टर बेल यांनी ७ मिलिमीटरच्या हलक्या रायफलीनं शेकडो हत्ती मारले. मग आफ्रिकेत केप बफेलो या रानरेड्यासाठी .३७५ चा आग्रह का?

बेल यांनी हत्तीची कवटी कापून मेंदू नेमका कुठे असतो हे शोधलं होतं. गोळी वापरली ती न फुलणारी, सरळ आत घुसणारी. वर्षानुवर्षं हेच त्यांचं काम होतं. त्या हत्तींबद्दल आज मला हळहळ वाटते, पण त्यांची नेमबाजी खरी होती. तुम्ही दहा दिवसांसाठी जाणार, दमलेले असणार, आणि समोर जखमी रानरेडा वळून अंगावर येऊ शकतो. शेजारी उभ्या असलेल्या मार्गदर्शकाचा जीवही तुमच्या गोळीवर असतो. १९१२ पासून वापरात असलेल्या .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नममधून ३०० ग्रेनची गोळी चार हजारांहून अधिक फूट-पौंड ऊर्जा घेऊन सुटते आणि हाड फोडूनही सरळ आत जाते. कित्येक आफ्रिकी देशांत धोकादायक जनावरांसाठी कायद्यानंच हे किमान ठरवलं आहे. तिकीट काढण्याच्या सहा महिने आधीपासून तिचा सराव सुरू करा.