हातावर उठून दिसणाऱ्या शिरा

प्रश्न : माझे वय ५६ आहे. रोज चालून आणि जेवण आवरून मी वर्षभरात आठ किलो वजन उतरवले, तेव्हापासून दोन्ही पंजांच्या मागच्या बाजूस हिरव्या-निळ्या शिरा उठून दिसतात. कपडे पिळल्यावर त्या अधिकच फुगतात. दुखत काही नाही, पण शेजारच्या काकू म्हणतात, “रक्त साकळतंय, रक्त पातळ व्हायची गोळी घे.” माझे रक्ताभिसरण बिघडले असेल का?

उत्तर : तुमच्या वर्णनात तसे एकही चिन्ह नाही. पंजाच्या मागची कातडी मुळातच पातळ असते, वयाबरोबर ती आणखी विरळ होते, आणि वजन उतरले की तिच्याखालची चरबीही जाते; त्यामुळे आधीपासून तिथेच असलेल्या शिरा आता उघड्या पडल्या आहेत. श्रमाच्या वेळी स्नायूंकडे जास्त रक्त जाते व तेवढेच शिरांवाटे परतते, म्हणून कपडे पिळल्यावर त्या काही वेळ भरलेल्या राहतात. निळ्या रंगानेही घाबरू नये. शिरेतले रक्त गडद लालच असते. कातडीतून परतणाऱ्या प्रकाशामुळे ते आपल्याला निळे भासते.

खात्री स्वतः करून पाहा. हात खाली सोडून शिरा भरू द्या, मग तो डोक्याच्या वर न्या. काही क्षणांत त्या चपट्या झाल्या, तर रक्त हृदयाकडे विनासायास परतत आहे. हात पुन्हा खाली घेऊन एका सरळ शिरेवर बोट दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने तिथून मनगटाच्या दिशेने रक्त पुढे सारा. मधला भाग वरच्या झडपेपर्यंत (शिरेतल्या झडपा रक्त मागे येऊ देत नाहीत) रिकामा राहतो व पहिले बोट उचलताच खालून भरतो. इंग्रज वैद्य विल्यम हार्वे यांनी १६२८ साली रक्ताभिसरण सिद्ध करताना हातावरचा असाच प्रयोग मांडला होता. मला तो आजही विलक्षण वाटतो.

मात्र एकच हात अचानक सुजला, जड किंवा निळसर झाला, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. सोबत धाप लागत असेल तर तासभरही थांबू नये. सलाईन लावल्यानंतर शीर लाल, दुखरी, दोरीसारखी कडक झाली, किंवा गारठ्यात बोटे पांढरीफटक पडू लागली, तरी डॉक्टरांना दाखवावे.

काकूंची गोळी कृपया घेऊ नका. रक्त पातळ करणारे औषध गरज नसताना घेतल्यास पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.