नंदीध्वजांचे चित्र, चाळीस नगांची परवानगी आणि कारखानदाराचा दावा

प्रश्न : मी सोलापुरात चित्रकला शिकवते. गड्ड्याच्या यात्रेतील नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे एक चित्र मी हौसेने काढले होते. ते पाहून एका यंत्रमाग कारखानदाराने त्यावरून वॉल हँगिंग विणण्याची परवानगी मागितली. चाळीस नगांसाठी मी व्हॉट्सअॅपवर होकार दिला आणि ठरलेले पैसेही मिळाले. आता तोच माल अनेक दुकानांत दिसतो, कोपऱ्यातली माझी सही काढून टाकलेली आहे आणि कारखान्याच्या कॅलेंडरवरही ते चित्र छापले आहे. 'पैसे दिले तेव्हाच चित्र आमचे झाले, शिवाय तुमची नोंदणीही नाही,' असे ते म्हणतात. मला काही हक्क आहे का?

उत्तर : आपला हक्क शाबूत आहे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार चित्र कागदावर उतरते तेव्हाच त्यावर चित्रकाराचा हक्क निर्माण होतो आणि तो त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. नोंदणी सक्तीची नाही, मात्र न्यायालयात ती प्रथमदर्शनी पुरावा ठरत असल्याने आता करून घ्यावी. मिरवणूक साऱ्या सोलापूरची आहे आणि तिचे चित्र कोणीही काढू शकतो. आपली आहे ती त्या चित्रातली मांडणी, रेषा आणि रंगयोजना.

'पैसे दिले म्हणजे चित्र आमचे' हा दावा टिकणारा नाही. आपण त्यांच्या नोकरीत नव्हता आणि चित्र त्यांच्या सांगण्यावरून काढलेले नव्हते. हक्काचे हस्तांतरण कलम १९ नुसार लेखी व सहीनिशीच व्हावे लागते. व्हॉट्सअॅपवरचा आपला होकार ही फक्त चाळीस नगांपुरती परवानगी होती.

खरी अडचण कॉपीराइट अधिनियमाच्याच कलम १५ ची आहे आणि समोरचे वकील तिथेच बोट ठेवतील. डिझाइन अधिनियम, २००० खाली नोंदवता येण्याजोगी नक्षी नोंदवलेली नसेल आणि ती ज्या वस्तूवर उतरवली ती वस्तू औद्योगिक प्रक्रियेने पन्नासहून अधिक वेळा तयार झाली असेल, तर त्या नक्षीवरील कॉपीराइट संपतो. सोफ्याच्या कापडावरील नक्षींबाबत दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २००९ मध्ये हाच मार्ग धरला, आणि मूळ कलाकृती कोणती व औद्योगिक डिझाइन कोणते हे कसे पाहावे, याची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये घालून दिली. परंतु कलमाचे शब्द नीट वाचावेत : मोजायचे ते नग मालकाने स्वतः किंवा त्याच्या परवानगीने तयार झालेले. आपली परवानगी चाळीसवर थांबली, आणि परवानगीबाहेर विणलेला माल या मोजणीत धरता येत नाही. त्यामुळे तो चाळीस हा आकडा लिहिलेला संदेश आपला सर्वांत मोलाचा कागद आहे. मोबाइल बदलू नका, संभाषण पुसू नका, पैसे जमा झाल्याचे बँकेचे विवरण काढून ठेवा आणि दुकानातून एक नग पक्क्या पावतीवर विकत घ्या.

कॅलेंडरच्या बाबतीत त्यांना कलम १५ चा आडोसा मिळणे मला अवघड दिसते, कारण तिथे चित्र चित्र म्हणूनच छापले गेले आहे. सही काढून टाकणे हा कलम ५७ चा स्वतंत्र प्रश्न आहे. हक्क विकल्यानंतरही चित्रकाराला हे चित्र आपणच काढले असे सांगण्याचा अधिकार राहतो, आणि आपण तर हक्क विकलेलाच नाही. ज्या हाताने चित्र काढले त्याचे नाव पुसणे मला पैशाच्या नुकसानीहून गंभीर वाटते. नोटिशीत हा मुद्दा वरच ठेवावा.

प्रथम वकिलामार्फत नोटीस पाठवून विणकाम व विक्री थांबवणे, विकलेल्या मालाचा हिशेब आणि नावाचा उल्लेख या मागण्या कराव्यात. दाद न मिळाल्यास कलम ६२ मुळे आपण राहता तिथल्या, म्हणजे सोलापूरच्याच जिल्हा न्यायालयात दावा दाखल करता येतो. तातडीचा मनाईहुकूम मागायचा असेल तर उशीर नडतो. कलम ६३ खाली फौजदारी तक्रारीचाही मार्ग आहे, पण परवानगीच्या मर्यादेवरचा हा वाद आधी दिवाणी न्यायालयात नेणे मला योग्य वाटते.

विणकामासाठी आणखी चित्रे द्यायचा विचार असेल, तर कारखानदाराला दाखवण्यापूर्वी डिझाइनची नोंदणी करावी. तिचे संरक्षण दहा वर्षे मिळते व पुढे पाच वर्षे वाढवता येते. मात्र आधीच प्रसिद्ध झालेली नक्षी नवीन मानली जात नाही, म्हणून अर्ज दाखल होईपर्यंत ती चित्रे व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवरही ठेवू नयेत.