नावातला अनुस्वार कुठे चिकटवणार?

लाकूड आणि ॲक्रिलिक (काचेसारखं प्लास्टिक) लेझरने कापून, एकावर एक लेयर लावून नावाचं गिफ्ट बनवायचंय हा तुझा मेसेज वाचला आणि स्केचपण बघितलं, सात लेयर, फुलं, चंद्र, नाव, तारीख सगळं एकातच. मस्त आहे पण जरा थांब. आधी एक सांग, ज्याला द्यायचंय तो माणूस स्वतःचं नाव कसं लिहितो? दीप्ती की दिप्ती? विचारून घे, कारण बाकीच्या चुका घासून लपवता येतात, ही नाही येत.

आता नावाचंच बघ. देवनागरीत शिरोरेखेमुळे अक्षरं एकमेकांना धरून राहतात हे बरं असतं, पण फॉन्टमध्ये अक्षरं एकमेकांवर चढलेली असतात, ती जोडून एक आउटलाइन केली नाहीस तर लेझर मधूनच कापत जातो आणि नावाचे तुकडे हातात येतात. आणि अनुस्वार तर सुटाच असतो! मी पहिल्यांदा 'नंदिनी' कापलं तेव्हा टिंब मशीनच्या जाळीतून खाली पडलं आणि माझ्या लक्षातच आलं नाही, गिफ्ट उघडल्यावर तिनेच हसत वाचलं, "नदिनी". तेव्हापासून मी नावाच्या मागे 3-4 मिमी मोठी आउटलाइन लाकडात कापतो आणि वर ॲक्रिलिकचं नाव चिकटवतो, म्हणजे टिंबाला बसायला जागा मिळते. नाव कापून उरलेली शीट फेकू नकोस हं, ती त्याच लाकडावर ठेवली की टिंब नेमकं कुठे बसवायचं ते भोकातूनच कळतं.

लेयर तीनच कर. मागे गडद प्लाय, मध्ये फिकं लाकूड, पुढे ॲक्रिलिक, आणि लेयरांच्या मध्ये छोटे स्पेसर (अंतर ठेवणारे तुकडे) टाकून थोडी गॅप ठेव, सावली पडली की तीनच लेयर खूप खोल दिसतात, सात झाले की नुसता गोंधळ. ट्रान्सपरंट शीटवर मजकूर कोरायचा असेल तर उलटा करून मागच्या बाजूने कोर, पुढून गुळगुळीत राहतं. त्यासाठी कास्ट (साच्यात ओतून बनवलेलं) ॲक्रिलिक घे, त्यावर कोरलेलं पांढरं उठून दिसतं, एक्सट्रुडेडवर (मशीनमधून दाबून काढलेल्या शीटवर) तेवढं नाही दिसत.

मशीन कुठलं आहे ते पण बघ, निळ्या डायोड लेझरने ट्रान्सपरंट ॲक्रिलिक कापलं जात नाही, किरण आरपार जातो, सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारा) लेझर लागतो. आणि शीट पीव्हीसी नाही ना याची खात्री कर, ते जळलं की आम्लाचा विषारी धूर येतो, फुप्फुसं आणि मशीन दोन्हीची वाट लागते. कापताना तिथेच थांब, ॲक्रिलिक पेटतं.

प्लायवर मास्किंग टेप लाव म्हणजे धुराचे डाग पडत नाहीत. पॉलिश, रंग जे काय ते जोडायच्या आधीच उरक, फक्त जिथे गोंद लागणार ती जागा कोरी ठेव. सुपर ग्लू नको, वाफेने ॲक्रिलिकवर पांढुरकी झाक येते आणि ती जाता जात नाही. मी इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) वापरतो, तेही वरचा लेयर झाकेल एवढ्याच भागात, टूथपिकने टिपके देऊन. कापलेल्या कडा स्पिरिटने पुसायचा मोह होईल पण पुसू नकोस, बारीक तडे जातात, साबणाचं पाणी पुरतं.

ॲक्रिलिकवरची पुढची संरक्षक फिल्म अगदी शेवटी काढ. आणि आधी पुठ्ठ्यावर एकदा पूर्ण कापून बघ, कंटाळा येतो माहितीये, तरी कर. फाइल फायनल झाली की मला पाठव, डिझाइनला काही बोलणार नाही, फक्त टिंबं मोजीन.