संगीतातली विशारद परीक्षा पूर्ण झाली, क्लास संपला, आता रितं रितं वाटतंय. लगेच पुढच्या अलंकार परीक्षेचा फॉर्म भरावा का, असं तुम्ही विचारलंय.

थांबा, असंच म्हणेन. मीही गायनात विशारद नाशकातच केलं. निकालानंतर तुम्ही लिहिलंय तसाच रितेपणा मलाही आला होता. इतकी वर्षं संध्याकाळ म्हणजे क्लास, आणि आता घरी बसून करायचं काय?

या परीक्षा घेणाऱ्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या, पहिल्या प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा. त्यात रागांची ओळखपाळख भरपूर होते, मुक्काम कुठेच होत नाही. आम्हाला तोंडी परीक्षेत मारवा, पूरिया आणि सोहनी हे राग वेगळे करून दाखवायला सांगितले होते. तिघांचे स्वर तेच: रिषभ (रे) कोमल, मध्यम (म) तीव्र, पंचम (प) वर्ज्य. मारव्यात भर रिषभ-धैवतावर, पूरियात गंधार-निषादावर आणि मंद्र म्हणजे खालच्या सप्तकात, सोहनी सगळी वरच्या अंगाने. दोन-दोन आलाप घेतले, परीक्षक खूश.

पण मारवा अर्धा तास गायचा म्हटला की खरी कसोटी. पंचम नाही, म्हणून तानपुऱ्याची पहिली तार निषादाला लावायची. जोडीच्या तारा सतत षड्ज देत असतात आणि आपण मात्र तो षड्ज टाळत रिषभ-धैवतावर रेंगाळायचं. जरा लक्ष हललं की गळा गंधारावर टेकतो आणि पूरिया दिसायला लागतो. ही ओढाताण सोसायला परीक्षेत वेळच नसतो. परीक्षेचा तो दोषही नाही म्हणा. 1901 साली गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते गाणं घराण्यांबाहेर सर्वसामान्यांपर्यंत पोचावं म्हणून. (शेवटची वर्षं ते नाशकात होते, हे आपल्याच क्लासातल्या निम्म्या पोरांना ठाऊक नसतं!)

तेव्हा एक राग धरा आणि कंटाळा येईपर्यंत तोच गा. कंटाळ्यानंतरच तो जरा उघडतो. साथीला बसायची संधी मिळाली तर सोडू नका, भजनी मंडळात का असेना. नाशकात पिंपळपारावर दिवाळीतल्या पाडवा पहाटेच्या मैफलीला जाल तेव्हा गायकासोबत तानपुऱ्यावर बसलेल्यांकडेही बघा. पुढच्या गळ्यात काय चाललंय ते त्यांना सगळ्यात जवळून ऐकू येतं.

अलंकार कुठे पळून जात नाही, परीक्षा वर्षातून दोनदा असतात. तोवर तुमच्या बाईंना किंवा सरांना विचारा, आठवड्यातून एकदा नुसतं तानपुऱ्याला बसायला येऊ का म्हणून. सहसा कोणी नाही म्हणत नाही.